ढगाच्या पोटातला उजेड

अवकाशविज्ञान म्हटलं की आपल्याला श्रीहरिकोट्याहून झेपावणारा अग्निबाण आठवतो, नाहीतर नारायणगावजवळच्या खोडदच्या अजस्र तबकड्या. यंत्र जेवढं मोठं तेवढं विज्ञान मोठं, असा एक हिशेब आपल्या मनात पक्का बसला आहे. वर्तमानपत्रं तो जोपासतात, सरकारी जाहिराती जोपासतात आणि शाळेतली विज्ञान प्रदर्शनंही जोपासतात. ताऱ्यांमधल्या पोकळीत कोणते रेणू आहेत, ते कसे घडतात आणि कसे मोडतात, हे सांगणारं खगोलरसायनशास्त्र मात्र या हिशेबात बसत नाही. त्याला दुर्बीण लागते, पण त्याचा पाया प्रयोगशाळेत मोजलेल्या रेणूंच्या रेषांवर आणि कागदावर केलेल्या कारणमीमांसेवर उभा असतो. हा पाया घालण्याचं काम ठाण्याच्या खाडीच्या आसपास, म्हणजे ट्रॉम्बे, कुलाबा आणि अलीकडे नवीन पनवेल इथे अनेक दशकं चालत आलं आहे. त्यातला एक विचार तर जगभरच्या खगोलरसायनाच्या पाठ्यपुस्तकांत जाऊन बसला. त्याच्या नावातला अर्धा वाटा कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले एस. पी. तरफदार यांचा आहे. हे नाव नवी मुंबईतल्या विज्ञान शाखेच्या किती विद्यार्थ्यांनी ऐकलं असेल? माझं म्हणणं असं की ही विस्मृती अपघाताने आलेली नाही. विज्ञान मोजण्याची आपली पट्टीच चुकीची आहे, आणि तरफदारांची संशोधन-कारकीर्द हा त्याचा उत्तम पुरावा आहे.

आधी साधन समजून घेऊ, कारण ते नवी मुंबईला परकं नाही. ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या कोणत्याही औषध कारखान्याच्या क्वालिटी कंट्रोल लॅबमध्ये अवरक्त वर्णपटमापक असतो. कच्च्या मालाचा ड्रम आला की त्यातली चिमूटभर पूड यंत्राच्या चकतीवर ठेवतात, तिच्यावर अवरक्त प्रकाश सोडतात आणि कोणत्या लहरी गिळल्या गेल्या याचा आलेख पडद्यावर उमटतो. पॅरासिटामॉल असेल तर सेंटिमीटरला १६५० लहरींच्या आसपास एक खोल खळगा हमखास दिसतो. कार्बन आणि ऑक्सिजन यांच्यातला बंध त्या तालावर थरथरत असतो. आलेख प्रमाण नमुन्याशी जुळला तर माल आत, नाही जुळला तर परत. प्रत्येक रेणूचं फिरणं, थरथरणं आणि त्यातल्या इलेक्ट्रॉनांचं एका पातळीवरून दुसरीवर जाणं ठरावीक ऊर्जेनेच होतं, म्हणून त्याच्या रेषा दुसऱ्या कोणाच्या असू शकत नाहीत. खगोलरसायनात हेच तत्त्व वापरतात. फरक एवढाच की माल हजारो प्रकाशवर्षं दूर असतो आणि प्रमाण नमुना पृथ्वीवरच तयार करावा लागतो. म्हणून या शास्त्रात प्रयोगशाळेचा मान पहिला. १९४१ साली डग्लस आणि हर्झबर्ग यांनी कॅनडातल्या प्रयोगशाळेत कार्बन-हायड्रोजनच्या धनभारित रेणूचा वर्णपट मिळवला, तेव्हा कुठे ताऱ्यांच्या प्रकाशात आधीपासून दिसणाऱ्या काही निनावी रेषांना धनी सापडला. आज आंतरतारकीय अवकाशात ३०० हून अधिक रेणूंची नोंद झाली आहे. त्यातल्या बहुतेकांच्या मागे कुठल्यातरी प्रयोगशाळेतलं मोजमाप उभं आहे.

ट्रॉम्बेला हे मोजमाप फार लवकर सुरू झालं. आर. के. असुंडी यांनी १९२९ साली लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात कार्बन मोनॉक्साइडच्या वर्णपटातल्या एका नव्या पट्टमालिकेचं वर्णन केलं. ती मालिका आजही ‘असुंडी पट्टे’ याच नावाने ओळखली जाते. पुढे बनारसला अध्यापन करून ते ट्रॉम्बेच्या अणुऊर्जा आस्थापनेत आले आणि तिथल्या वर्णपटशास्त्र विभागाचे प्रमुख झाले. त्या विभागाची गरज अगदी रोकडी होती. अणुभट्टीच्या इंधनात बोरॉन किंवा कॅडमियम दशलक्षात एखाद-दुसऱ्या भागाइतकं जरी शिरलं तरी ते न्यूट्रॉन गिळून बसतं. त्यामुळे युरेनियमची शुद्धता वर्णपटावरून तपासणं हे रोजचं काम होतं. पण त्याच विभागात असुंडींनी आणि त्यांच्यामागून एन. ए. नरसिंहम यांनी साध्या द्विअणू रेणूंच्या रचनेचा मूलभूत अभ्यासही चालू ठेवला. इंधनाची तपासणी आणि रेणूंचं शुद्ध विज्ञान एकाच छपराखाली, एकाच प्रकारच्या उपकरणांवर चाललं, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. १९७० साली विल्सन, जेफर्ट्स आणि पेन्झियस यांना मृग नक्षत्रातल्या तेजोमेघाकडून २.६ मिलिमीटर तरंगलांबीवर कार्बन मोनॉक्साइड सापडला आणि आकाशगंगेतल्या थंड ढगांचा नकाशा काढण्याचं ते मुख्य साधन बनलं. असुंडींच्या नावाचे पट्टे ज्याच्या वर्णपटात आहेत, त्याच रेणूने खगोलशास्त्राला हे दार उघडून दिलं.

या थंड ढगांनीच पुढे एक कोडं घातलं. आंतरतारकीय धुळीने भरलेल्या दाट ढगात बाहेरच्या ताऱ्यांचा प्रकाश शिरत नाही. दृश्य प्रकाश दहा हजारपटीने मंदावतो, अतिनील किरण तर काठावरच संपतात. आत तापमान निरपेक्ष शून्याच्या वर जेमतेम १० अंश, म्हणजे उणे २६३ सेल्सिअस. अशा ठिकाणी कार्बन आणि ऑक्सिजन एकदा कार्बन मोनॉक्साइडमध्ये बांधले गेले की त्यांना सोडवणारं कोणी उरत नाही. हा रेणू कमालीचा चिवट आहे आणि तो तोडायला अतिनील प्रकाशच लागतो. तेव्हा ढगाच्या गाभ्यात सुटा कार्बन जवळजवळ नसावा, असं गणित सांगत होतं. पण १९८० च्या सुमारास फिलिप्स, हगिन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ४९२ गिगाहर्ट्झवरची कार्बन अणूची रेषा टिपली, आणि सुटा कार्बन अपेक्षेपेक्षा कितीतरी जास्त निघाला. मग एक तर ढग आपण समजतो तितके अंधारे नव्हते, किंवा अंधारातच कुठेतरी प्रकाश तयार होत होता.

दुसरा पर्याय कल्पनाविलासाने नव्हे, तर काटेकोर हिशेबाने मांडला तो कॅलिफोर्नियातल्या जेट प्रपल्शन लॅबोरेटरीतले एस. एस. प्रसाद आणि तरफदार यांनी. १९८३ साली ‘अ‍ॅस्ट्रोफिजिकल जर्नल’मध्ये आलेल्या त्यांच्या निबंधाचा गाभा असा. प्रकाश ढगात शिरू शकत नसला तरी विश्वकिरण शिरतात. हे प्रचंड वेगाने धावणारे प्रोटॉन धुळीला जुमानत नाहीत. असा एखादा प्रोटॉन हायड्रोजनच्या रेणूवर आदळला की त्यातून एक इलेक्ट्रॉन बाहेर फेकला जातो आणि त्याच्याकडे सरासरी ३० इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या घरातली ऊर्जा असते. हा इलेक्ट्रॉन दुसऱ्या हायड्रोजन रेणूला धडकून त्याला वरच्या ऊर्जापातळीवर ढकलतो. तो रेणू खाली येताना अतिनील प्रकाश टाकतो. वर्णपटशास्त्रज्ञ ज्यांना लायमन आणि वर्नर पट्टे म्हणतात तोच हा प्रकाश, प्रयोगशाळेत कित्येक वर्षं आधी मोजलेला. म्हणजे ढगाच्या पोटात, प्रत्येक कोपऱ्यात, अतिशय मंद पण कधीही न विझणारा अतिनील उजेड असतो.

हा उजेड किती मंद, याचा अंदाज कोणालाही वहीत घेता येईल. विश्वकिरणाच्या आघाताने एखादा हायड्रोजन रेणू आयनीभूत होण्याचा दर सेकंदाला साधारण एकावर सतरा शून्यांतला एक भाग धरला जातो. म्हणजे एका रेणूची पाळी सरासरी तीन अब्ज वर्षांनी येते. पण दाट ढगात एका घनसेंटिमीटरमध्ये दहा हजार, म्हणजे एका घनमीटरमध्ये दहा अब्ज रेणू असतात. तेव्हा तेवढ्या जागेत अशी घटना साधारण चार महिन्यांतून एकदा घडणार. ऐकायला हे नगण्य वाटतं. पण एक प्रकाशवर्ष लांबी-रुंदी-उंचीच्या ढगात जवळजवळ एकावर अठ्ठेचाळीस शून्यं इतके घनमीटर मावतात आणि ढगाचं आयुष्य लाखो वर्षांचं असतं. शिवाय प्रतिस्पर्धी दुसरा कोणीच नाही. बाहेरचा प्रकाश आत यायला बंदी आहे आणि थंडीमुळे उष्णतेने काही तुटत नाही. अशा जागी फोटॉनांचा क्षीण प्रवाहसुद्धा रसायनाची दिशा बदलतो. या प्रक्रियेला आज जगभर ‘प्रसाद-तरफदार यंत्रणा’ म्हणतात. लक्षात घ्या, यात नवी दुर्बीण नव्हती, नवा उपग्रह नव्हता. विश्वकिरण ठाऊक होते, हायड्रोजनचा वर्णपट ठाऊक होता, ढग ठाऊक होते. तिन्ही गोष्टी एकमेकींशी जोडल्या तर काय होईल, हा प्रश्न तेवढा राहिला होता.

हा विचार पुढे कसा रुजला, हे पाहिलं की त्याचं वजन कळतं. १९८७ आणि १९८९ मध्ये ग्रेडेल, लेप, डालगार्नो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या उजेडात वेगवेगळे रेणू किती वेगाने तुटतील याचे तपशीलवार दर काढले. ‘युमिस्ट’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या खगोलरसायनाच्या माहितीकोशाच्या २०२२ च्या आवृत्तीत ८,७६७ अभिक्रिया आहेत. त्यात विश्वकिरणांमुळे उपजलेल्या फोटॉनांच्या अभिक्रियांचा वेगळा वर्ग आहे. अंधाऱ्या ढगाचं गणित मांडणारा संशोधक जगात कुठेही बसलेला असो, त्याच्या संगणक-आज्ञावलीत ही यंत्रणा असतेच. २०१२ साली हर्शेल अवकाश दुर्बिणीने वृषभ राशीतल्या ‘एल १५४४’ या ढगाच्या गाभ्यात पाण्याची वाफ शोधली. पृथ्वीवरचे सगळे महासागर दोन हजार वेळा भरतील एवढी ती होती. उणे २६० अंशांच्या थंडीत पाणी बर्फ होऊन धूलिकणांना चिकटून बसायला हवं, मग वाफ कुठून आली? कासेली आणि सहकाऱ्यांनी दिलेलं स्पष्टीकरण असं की विश्वकिरणांनी जागवलेला हायड्रोजनचा अतिनील उजेड बर्फातून पाण्याचे रेणू उडवतो. तारा जन्मण्याआधीच्या पाण्याचा हिशेब १९८३ च्या त्या निबंधाशिवाय लागत नाही.

तरफदार हे काही एकांड्या शिलेदारासारखे अवचित उगवले नव्हते. कुलाब्याच्या संस्थेत एम. एस. वर्द्या थंड ताऱ्यांच्या वातावरणातल्या रेणूंवर काम करत होते. के. एस. कृष्णस्वामी धूमकेतूंच्या डोक्यातल्या द्विअणू कार्बनच्या ‘स्वान’ पट्ट्यांचं गणित अमेरिकेतल्या ओ’डेल यांच्यासोबत सोडवत होते. कृष्णस्वामींचं धूमकेतूंच्या भौतिकीवरचं पुस्तक १९८६ मध्ये, म्हणजे हॅलेचा धूमकेतू सूर्याजवळ आला त्याच वर्षी निघालं. ही संस्था होमी भाभांनी १९४५ साली उभारली तेव्हापासून विश्वकिरण हा तिचा जिव्हाळ्याचा विषय होता. विश्वकिरण, तारे आणि रेणू यांची माणसं एकाच इमारतीत होती. १९८५ मध्ये तरफदार, प्रसाद, हंट्रेस, व्हिलेरे आणि ब्लॅक यांनी आणखी एक पाऊल टाकलं. ढग स्थिर धरून रसायन मोजण्याऐवजी तो आकुंचन पावत असताना रसायन कसं बदलतं, हे त्यांनी मांडलं. त्याच वर्षी ३ ते ७ डिसेंबर दरम्यान आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघाचा १२० वा परिसंवाद गोव्यात भरला. विषय होता खगोलरसायन आणि कार्यवृत्ताचे संपादक होते वर्द्या व तरफदार. या विषयाचे जगभरचे जाणकार ज्या किनाऱ्यावर जमले, तिथे आज या परिसंवादाची आठवण क्वचितच निघते.

आता आक्षेपांकडे वळू. पहिला आक्षेप असा की ज्या कामाचा अर्धा भागीदार कॅलिफोर्नियात होता, त्याला मुंबईचं म्हणणं ही ओढाताण आहे. अर्धं खरं आहे. ते काम एकट्या मुंबईचं नव्हतं आणि मी तसा दावा करत नाही. पण विज्ञानात भागीदारी म्हणजे उसनवारी नव्हे. ज्याच्याकडे स्वतःचं असं काही नसतं त्याला कोणी भागीदार करत नाही, आणि तरफदारांच्या मागे कुलाब्याचा वर नोंदवलेला गट होता. दुसरा आक्षेप अधिक बोचरा आहे. ज्या कोड्यासाठी यंत्रणा मांडली गेली, ते सुट्या कार्बनचं कोडं तिने पूर्ण सुटलंच नाही. पुढे असं दिसलं की ढग एकसंध नसून गुठळ्यागुठळ्यांचे असतात, त्यांच्या फटींतून बाहेरचा अतिनील प्रकाश बराच खोल जातो, आणि कार्बनचा मोठा भाग त्यातून येतो. हे मान्य करायलाच हवं. परंतु यातून विचाराची किंमत कमी होत नाही. आतला उजेड आहे, हे विधान भौतिकीच्या नियमांवर उभं होतं, कार्बनच्या एका निरीक्षणावर नव्हे. म्हणून मूळ कोड्याचा मोठा हिस्सा दुसऱ्या कारणाने सुटला तरी यंत्रणा टिकली आणि बर्फ, पाणी, सेंद्रिय रेणू अशा ठिकाणी कामाला आली, ज्यांचा १९८३ मध्ये फारसा विचारही झाला नव्हता.

तिसरा आक्षेप व्यावहारिक आहे: रेणू पाहायला लागणारी मिलिमीटर लहरींची मोठी दुर्बीण आपल्याकडे नाही, मग या विषयात आपलं काय काम? खोडदची जीएमआरटी मीटर लहरींवर चालते आणि तिच्या पट्ट्यात बहुतेक रेणूंच्या रेषा येत नाहीत, हे खरंच. पण पुण्याच्या संशोधकांनी यातून वाट काढली. हायड्रॉक्सिल रेणूची १६६७ मेगाहर्ट्झची रेषा जीएमआरटीच्या आवाक्याबाहेर असली, तरी ती दूरच्या दीर्घिकेतून येताना विश्वाच्या प्रसरणाने ताणली जाते आणि खाली उतरते. ‘बी ०२१८+३५७’ या रेडिओ स्रोताच्या वाटेतल्या दीर्घिकेत हा रेणू त्यांना २००३ मध्ये असाच सुमारे ९९० मेगाहर्ट्झवर सापडला. तो प्रकाश तिथून निघाला तेव्हा पृथ्वी जन्मलीही नव्हती. टाटा संस्थेच्या १०० सेंटिमीटर व्यासाच्या दुर्बिणीने हैदराबादहून बलूनखाली लटकून, वातावरणातल्या बाष्पाच्या वर जाऊन, जपानी वर्णपटमापकाच्या मदतीने आयनीभूत कार्बनची १५८ मायक्रॉनची रेषा टिपली आहे. साधन अपुरं असलं तर प्रश्न नेमका निवडावा लागतो. ही शिस्त या सगळ्या कामात दिसते.

हायड्रॉक्सिलसाठी नवी मुंबईकराला इतक्या दूर जायचीही गरज नाही. नवीन पनवेलला भारतीय भूचुंबकत्व संस्थेचं मुख्यालय आहे. कुलाबा-अलिबागच्या वेधशाळांचा वारसा सांगणारी ही संस्था लोकांना चुंबकीय नोंदींसाठी ठाऊक आहे. पण तिच्या कामात रात्रीच्या आकाशाचा स्वयंप्रकाशही येतो. सुमारे ८७ किलोमीटर उंचीवर हायड्रोजनचा अणू आणि ओझोन यांच्या संयोगातून हायड्रॉक्सिल बनतो तो थरथरतच, आणि ती थरथर जवळ-अवरक्त प्रकाश होऊन बाहेर पडते. १९५० साली माइनेल यांनी हे पट्टे ओळखले. त्यातल्या शेजारच्या रेषांच्या तेजाचं गुणोत्तर काढलं की तिथल्या हवेचं तापमान मिळतं. ज्या उंचीवर विमान पोचत नाही आणि उपग्रह टिकत नाही, तिथला तो तापमापक. संस्थेने कोल्हापूरहून अशी निरीक्षणं वर्षानुवर्षं घेतली आहेत. रेणू तोच, तर्कही तोच. एका टोकाला ८७ किलोमीटर, दुसऱ्या टोकाला अब्जावधी प्रकाशवर्षं.

मग इतकं असून ही परंपरा म्हणून का दिसत नाही? माझ्या मते याचं एक कारण ती खात्याखात्यांत वाटली गेली हे आहे. ट्रॉम्बेचं काम अणुऊर्जेच्या खाती जमा झालं, कुलाब्याचं खगोलशास्त्राच्या, पनवेलचं भूचुंबकत्वाच्या आणि ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या वर्णपटमापकांचं काम उद्योगाच्या. प्रत्येक खात्यात ते तळटीप ठरलं. ‘पण याचा उपयोग काय’ हा चौथा आक्षेपही याच वाटणीतून येतो. त्याचं उत्तर ट्रॉम्बेने कधीच दिलं आहे. ज्या कौशल्याने इंधनातलं बोरॉन शोधलं, त्याच कौशल्याने रेणूंची रचना उलगडली, आणि इंदूरच्या इंडस-१ या सिंक्रोट्रॉनवर भाभा अणुसंशोधन केंद्राने उभारलेल्या किरणरेषांवर आज निर्वात-अतिनील प्रकाशातलं रेणूंचं शोषण मोजता येतं. प्रसाद-तरफदार उजेड नेमका याच पट्ट्यातला आहे. तो उजेड कुठला रेणू किती गिळतो, हे प्रयोगशाळेत मोजल्याशिवाय ढगाचं गणित पुढे सरकत नाही. गुंतवणूक एकच आहे, फायदा मात्र दोन खात्यांत लिहिला जातो.

म्हणून विज्ञानाची पट्टी बदलायला हवी, असं मी म्हणतो तेव्हा मोठी यंत्रं नकोत असा त्याचा अर्थ नाही. यंत्रासोबत प्रश्नही मोजा, एवढाच आग्रह आहे. वाशी, नेरूळ, बेलापूर, पनवेलच्या महाविद्यालयांत एम.एस्सी.च्या रसायन आणि भौतिकीच्या विद्यार्थ्यांना वर्णपटशास्त्राचा पेपर असतोच. रेणूंच्या रेषांच्या कोलोन आणि जेट प्रपल्शन लॅबोरेटरीच्या याद्या, युमिस्टचा अभिक्रियाकोश, मोठ्या दुर्बिणींची जुनी निरीक्षणं, हे सगळं इंटरनेटवर फुकट आहे आणि साध्या लॅपटॉपवर चालतं. विभागप्रमुखांनी एका प्रकल्पापुरतं तरी पॅरासिटामॉल बाजूला ठेवावं, विद्यार्थ्यांच्या हाती १९८३ चा तो निबंध द्यावा आणि त्यातला हिशेब नव्या आकड्यांनी पुन्हा करायला सांगावा. खर्च शून्य आहे. पहिला धडा हातात येईल तो हा की खगोलरसायनातला एक टिकाऊ विचार मांडणाऱ्या दोघांपैकी एक जण त्यांच्या घरापासून लोकलच्या अंतरावर काम करत होता.